टेपमावशीचे शेरे

समोर कोणीही येवो, टेपमावशीला आधी त्याचे खांदे दिसतात. मग पाठ. मग पोट. चेहरा सगळ्यात शेवटी, तोही वेळ असला तर. चाळीस वर्षं ती कोट शिवते आहे. गळ्यात टेप कायमची. तिचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं आहे.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. खिडकीशी बेतायचं टेबल, भिंतीला दोन मशिनं, कोपऱ्यात इस्त्री, पडद्याआड आरसा. मावशी बेतते आणि कापते. तिची धाकटी बहीण शिवते आणि बोलते.

मापाच्या वहीची पद्धत मावशीची स्वतःची. उजव्या पानावर माप, डाव्या पानावर शेरा. माप टेप सांगते. शेरा माणूस न सांगता सांगतो. "महिन्याभरात बारीक होणार म्हणतो. होणार नाही." "उंची पाच आठ सांगतो. बाह्या खऱ्या उंचीच्या ठेव." यातला एक शब्दही चाळीस वर्षांत दुकानाबाहेर गेला नव्हता. गिऱ्हाईक तिच्यासमोर कोट काढून उभं राहायचं, ते त्याच भरवशावर.

वह्या सत्तावीस झाल्या, तेव्हा लेकीने डिजिटल कागदाचा टॅबलेट आणून दिला. मावशी त्याला पाटी म्हणते. पडदा करडा. आतून उजेड येत नाही, पण खिडकीतल्या उन्हात अक्षर छापल्यासारखं दिसतं. पेन टेकवलं की खरखर होते. मावशीला ती खरखर पटली. "खडू कापडावर असाच बोलतो," ती म्हणाली.

लेकीने आत पन्नास कादंबऱ्याही भरल्या होत्या. इस्त्री तापेपर्यंत मावशी वाचू लागली. हातात पेन, शेजारी समास. मग राहवतंय कुठे? एका कादंबरीत तिने लिहिलं, "पान चाळीसवर याने कोट खुंटीला लावला. त्रेचाळीसवर कोटाच्या खिशातून पत्र काढतो. घातला कधी?" दुसऱ्या एका नायिकेशेजारी लिहिलं, "हिची कंबर लेखकाने मोजलेली नाही. नुसती बघितली आहे."

पण मावशी खूश झाली ती थरांवर. एकाच पानावर खालच्या थरात माप लिहायचं, वरच्या थरात शेरा. वरचा थर झाकला की शेरा गायब. कोणाला माप दाखवायचं असेल तर दाखवता येतं, आणि झाकलेलं झाकलेलंच राहतं.

अशात गायकवृंदाचं काम आलं. चोवीस गायक, चोवीस काळे कोट. मावशीने एकेकाला आरशासमोर उभं केलं.

"गा."

"आत्ता? इथे?" दाढीवाला खर्जातला गायक चपापला.

"कोट घालून काय झोपायचंय? गा. छाती किती फुगते ते बघू दे."

पडद्यापलीकडून धाकटी ओरडली, "अक्का, मशिन थांबवू की ताल धरू?"

चार दिवसांत चोवीस पानं भरली. दाढीवाल्याच्या पानावर शेरा पडला, "पोट आत ओढून उभा राहतो. दीड इंच सूट." एका मध्यमवयीन गायिकेच्या पानावर, "मापं घेताना अखंड बोलते. गळा सैल ठेव." वृंदाचा प्रमुख म्हणाला, मापं मला पाठवा, प्रत्येकजण आपापलं तपासून घेईल. मावशीने पहिलं पान उघडलं. ते प्रमुखाचंच होतं. शेऱ्याचा थर झाकला. पान स्वच्छ झालं. तिने सगळी वही पाठवून दिली.

चूक तिथेच झाली, आणि ती कापणाऱ्या माणसाकडूनच व्हावी अशी होती. कापडाच्या बारा घड्या एकावर एक घातल्या, वरच्या घडीवर खूण केली, की खालच्या अकरा त्याच खुणेवर कापल्या जातात. पाटीचंही तसंच असणार, हे तिने गृहीत धरलं. पाटीत मात्र प्रत्येक पानाचा थर वेगळा झाकावा लागतो.

दुपारी प्रमुखाचा फोन आला.

"मावशी, मापं मिळाली. सगळ्यांना पाठवलीसुद्धा. तुम्ही काय पाठवलंय ते एकदा बघाल का?" त्याच्या आवाजात हसू होतं की राग, कळेना.

धाकटीने पाटी ओढून घेतली आणि वाचू लागली. तिसऱ्या पानाला ती हसत सुटली. "अगं, हे सगळं त्यांनी वाचलं? अक्का, आता दुकानाला कुलूप लाव आणि मिशा लावून फिर!"

 मावशी शेवटच्या पानाकडे बघत होती. ओळीच्या टोकाला उभ्या राहणाऱ्या एका वयस्क गायिकेचं ते पान. "डावा खांदा पाऊण इंच खाली. तिरकी उभी राहून लपवते. पॅड गुपचूप घाल. तिला बोलू नको."

पोटावर माणूस हसून घेईल. हे मात्र त्या बाईंनी जन्मभर सांभाळलेलं होतं, आणि मावशीने ते तेवीस जणांच्या हातात दिलं होतं.

तिने बाईंना फोन केला. उचलला गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

आठवड्याने कच्च्या शिलाईचे कोट घालून बघायचे होते. कोणी येणार नाही, अशी मावशीची खात्री होती. दहाच्या ठोक्याला जिन्यात पावलं वाजली.

पुढे दाढीवाला. "दीड इंच काय? परत मोजा. आज पोट सोडून उभा आहे."

मावशीने टेप फिरवली. "पावणेदोन."

"आधीचं दीडच राहू द्या," तो म्हणाला. मागून हशा उठला. बोलक्या बाईंनी तर सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं की आपल्या गळ्यावर अन्याय झाला आहे.

टोकाच्या बाई शेवटी आत आल्या. मावशीने पडदा ओढून घेतला. बाहेरची कुजबुज थांबली.

"माझं पान सगळ्यांनी वाचलं," बाई म्हणाल्या.

"हो. मी चुकले, ताई. पाटीवर ढकलणार नाही. तुम्हाला दुसरीकडे शिवायचं असेल तर कापड घेऊन जा. मी प्रमुखांना सांगेन."

"चुकलातच. दोन दिवस मी तालमीला गेले नाही. तुमचा फोनही मुद्दाम घेतला नाही." बाईंनी कोट अंगावर चढवला. "तिसऱ्या दिवशी म्हटलं, आता लपवायला उरलंय काय? गेले आणि सरळ समोर तोंड करून उभी राहिले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. लांबलचक तान एका श्वासात गेली."

"तिरकं उभं राहिलं की फासळ्या दबतात," मावशी बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"बोला. हे आधीच बोलला असतात तर?"

 चाळीस वर्षं न बोलणं हाच मावशी आपला चांगुलपणा समजत आली होती.

बाईंनी आरशात पाहिलं. दोन्ही खांदे काटेकोर सारखे होते. त्यांनी डाव्या खांद्यावरून बोट फिरवलं. "सुंदर केलंय. पण ही मी नाही. पॅड काढा."

"मग खांदा उतरता दिसेल."

"मी उतरतीच आहे. आणि पुढच्या वेळी कोणाचं काही झाकायचं असेल तर आधी त्याला विचारा."

"विचारेन," मावशी म्हणाली. तिने कात्री घेतली आणि टाके उसवले. पॅड बाहेर आलं. खांद्यावर कापड सैल पडलं. ते तिने बाईंच्या अंगावरच हळूहळू बसवलं, एकेक टाचणी लावत.  धाकटीने पडद्यातून डोकं आत घातलं, बघितलं आणि न बोलता टाचण्यांची डबी पुढे धरली.

"आता गा," मावशी म्हणाली.

बाईंनी सूर लावला. खोली भरली. पडद्यापलीकडून दाढीवाल्याने खाली खर्ज धरला, मग बोलक्या बाई मिसळल्या, मग सगळेच. मावशीने खांद्यावर तळहात ठेवून बघितलं. सूर संपेपर्यंत कापड श्वासाबरोबर वर गेलं, खाली आलं. एकही टाचणी सुटली नाही.