दोघींतली एक

माझी वहिनी सालोमी लग्नानंतर आठ वर्षांनी गरोदर राहिली. १९८५ साल होतं. रुडॉल्फदादाने तिला केळीच्या वाडीत कामाला पाऊल टाकू दिलं नाही. "मी काय काचेची झाले का?" म्हणून ती हसायची, पण भुईगावात घरोघरी जाऊन जुनी मऊ लुगडी तीच मागून आणायची, बाळाच्या दुपट्यांसाठी.

पाच महिने झाले तरी पोट वाढेना, म्हणून वसईच्या डॉक्टरीणबाईंनी तिला मुंबईला सोनोग्राफीला पाठवलं. सोबत मी गेले. तिथले डॉक्टर कर्णिक परदेशात शिकून आलेले. त्यांनी पडद्यावर एक काळा गोळा दाखवला.

"ही बाळाची लघवीची पिशवी. बाहेरची वाट बंद आहे, म्हणून तुंबलीय. मुलगा आहे."

वहिनीने तेवढा शेवटचा शब्द धरला. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "रेजिना, प्लासिड नाव ठेवू या."

उपाय होता. आईच्या पोटातून बाळाच्या पिशवीत बारीक नळी घालायची आणि तुंबलेलं पाणी बाळाभोवती सोडायचं. पण ते सगळ्यांना करता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आधी सुईने बाळाची लघवी काढून तपासायची. मूत्रपिंड चांगलं असेल तर ते मीठ राखतं, लघवी पातळ येते. बिघडलं असेल तर मीठ वाहून जातं, मग नळीचा उपयोग नाही.

शेजारच्या खाटेवर सिन्नरकडची मथुरा होती. तिच्याही बाळाचं तसंच. दोघींची सुई एकाच सकाळी झाली. दुखलं असणार, पण दोघी एकमेकींचा हात धरून पडल्या होत्या. दोन दिवस त्यांना दुसरं बोलणंच नव्हतं. मथुरा विचारायची, "ताई, तुमचा हलला का आज?" आणि वहिनी सांगायची, "हलला गं. तुझा?"

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले आणि वहिनीच्या खाटेवर बसले. ते बसले, तेव्हाच मला कळलं.

"सालोमी, मीठ फार आलंय. पुन्हा तपासलं. दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत."

"मग नळी घालून तरी बघा. माझं काय जाणार आहे?"

"तुझा जीव जाऊ शकतो. आणि त्याची मूत्रपिंडं काही परत येणार नाहीत."

"मथुराचं?"

"तिचं करतोय. उद्या."

वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली. बऱ्याच वेळाने उठली, मथुराच्या खाटेशी गेली आणि तिच्या पोटावर क्रूस काढला. मथुरा रडत होती. वहिनी नाही.

आठव्या महिन्यात प्लासिड जन्मला. भोवती पाणीच नसल्याने फुप्फुसं वाढली नव्हती, त्याला श्वास घेता येत नव्हता. फादर येईपर्यंत वेळ नव्हता, म्हणून मीच कपाळावर पाणी घालून त्याचा बाप्तिस्मा केला. पाऊण तास तो वहिनीच्या छातीवर होता. पुन्हा तिला दिवस गेले नाहीत.

तिने एकच गोष्ट केली. डॉक्टरांकडून मथुराचा पत्ता मिळवला. नळी लागू पडली होती, तिचा मुलगा वाचला होता. पत्रात नेहमी तेच विचारायची: चालायला लागला का, बोलतो का, उंची किती झाली? उत्तर आलं की ते पत्र उशीखाली ठेवायची. दादाला ते बघवत नसे. "कशाला जीवाला लावून घेतेस?" म्हणायचा. ती म्हणायची, "माझा असता तर एवढाच असता ना रे."

नव्वदच्या मे महिन्यात मथुरा त्याला घेऊन आली. चार वर्षांचा, सावळा, पोटावर एक बारीक व्रण. वहिनीकडे यायला तो तयार नव्हता. संध्याकाळी आम्ही समुद्रावर गेलो. त्याने मथुराचा हात सोडला, सुरूच्या झाडाआड गेला आणि उभ्याने वाळूत लघवी केली. चांगली लांब, जोरदार धार. मथुरा ओशाळून त्याला ओरडली.

"ओरडू नकोस गं," वहिनी म्हणाली. "करू दे त्याला." पदर तोंडावर धरून ती हसत होती, की काय करत होती, मला कळेना.

दुसऱ्या दिवशी ती दोघं गेली. वहिनी स्टेशनवर पोचवायला गेली नाही. अंगणात बसून राहिली. मी चहा दिला, तेव्हा म्हणाली, "तो आईला हाक मारतो तेव्हा शेवटचं अक्षर लांबवतो. ऐकलंस का तू?"