मेंढपाळाचे पेणचे डोळे

पेणच्या आमच्या घरात भिंतीवर एकही देव नव्हता. पत्रकं मात्र होती. बाबा ती छापून आणायचे, आई आणि आम्ही दोघी बहिणी घड्या घालायचो, आणि उरलेली फडताळात डब्यांखाली अंथरली जायची. मी वाचायला शिकले ती त्या फडताळापुढे बसून. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मला माझ्या नावाच्या आधी वाचता येत होते, असं आई अजून लोकांना सांगते.

ताई डोलवीला नोकरीला होती. तिथल्याच एका ख्रिस्ती मुलाशी तिनं लग्न ठरवलं, तेव्हा बाबांना विरोध करायला जागाच नव्हती. धर्माबाहेर लग्न करा, असं सांगणारं पत्रक त्यांनीच लिहिलेलं. ते खरोखर खूश होते. अडचण आली ती बोलणी करायला नागोठण्याला गेलो तेव्हा. ताईच्या होणाऱ्या सासूबाई निवृत्त नर्स, नवरा कधीच वारलेला, एकट्याच राहायच्या. त्यांच्या बाहेरच्या खोलीत काचेच्या चौकटीत त्यांच्या देवाचं, मेंढपाळाच्या रूपातलं चित्र होतं. तांबूस झगा, हातात काठी, मागे निळे डोंगर, पायाशी मेंढरं आणि छातीशी धरलेलं एक कोकरू. भात कापून झालं की आमच्याकडे घाटावरून धनगर उतरतात, शेतात मेंढ्या बसवतात. त्यांतला एकही मेंढपाळ इतका स्वच्छ मी पाहिलेला नाही, आणि मेंढ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे विहीणबाई, आपण सगळी मेंढरं?"

"तुमच्या मोर्चात झेंडा घेऊन पुढे कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"मी असतो."

"आणि मागे?"

बाबांनी कप परत उचलला. त्या दिवसापासून ते विहीणबाईंशी जपून बोलू लागले. मी जपून बोलणाऱ्यांतली नव्हते. घरी आल्याबरोबर कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी 'आम्ही कुणाची मेंढरं नाही' असा लेख लिहून टाकला. त्यातला शब्द न् शब्द मला आजही मान्य आहे.

लग्न झालं, ताई आणि भावोजी रोह्याला राहायला गेले. गेल्या पावसाळ्यात ताई बाळंतपणाला पेणला आली, बाळ झालं, आणि त्याच आठवड्यात अंबा नदीचं पाणी नागोठण्यात शिरलं. भावोजींनी आपल्या आईला रोह्याला नेलं. फ्रिज गेला, गाद्या गेल्या, कपाट फुगलं. विहीणबाईंनी कशाचंच नाव काढलं नाही. बोलल्या त्या फक्त चित्राबद्दल. पाणी काचेच्या आत गेलं होतं. झगा आणि डोंगर बरे होते, पण मेंढपाळाच्या चेहऱ्यावर नाकापासून वर नुसता करडा डाग उरला होता.

भावोजींनी मोबाईलवर नवीन चित्रं दाखवली. एकाच्या मागे दिवा लागायचा.

"नको," त्या म्हणाल्या. "हे माझ्या आईचं आहे. आजारी पडले की ती मला यासमोर निजवायची. म्हणायची, बघ, तो कुठे बघतोय? कोकराकडे. ते कोकरू म्हणजे तू. मी ड्यूटीला जाताना तुलाही हेच सांगून जायचे. आता बाळाच्या पाळण्यावर लावायचं होतं."

हे ताईनं आम्हाला भावोजींचा फोन ठेवल्यावर सांगितलं आणि रडायला लागली. ओली बाळंतीण रडलेली बाबांना चालत नाही. त्यांनी एकदम जाहीर केलं, "चित्र इकडे मागव. हे पेण हाय. इथं देव बनवणारे हजार हात आहेत, एक चेहरा दुरुस्त होणार नाय?"

चित्र आलं. ज्या घरात देवाला जागा नाही तिथे चार दिवस हा मेंढपाळ पत्रकांच्या गठ्ठ्याला टेकून उभा होता. शेजारच्या काकू बाळाला बघायला आल्या, त्यांनी आधी त्याला नमस्कार केला आणि मग आईला हळूच विचारलं, "भाऊंनी शेवटी ठेवला गो देव?"

"रिपेरीला आलाय," आई म्हणाली.

बाबांचा एक शाळेतला दोस्त गणपतीच्या मूर्तींची आखणी करतो. आखणी म्हणजे डोळे काढणं. कारखान्यात माती कुणी थापो, रंग कुणी मारो, डोळ्यांना हात लावायचा मान त्याचा. गणपती तोंडावर आलेले, लाकडी फळ्यांवर पांढऱ्या मूर्तींच्या रांगा त्याची वाट बघत असायच्या. तरी दोस्तीखातर त्यानं चित्र ठेवून घेतलं. बाबांनी त्याला एवढंच सांगितलं, "चेहरा नीट करून दे." कोकराची गोष्ट सांगायचं त्यांना सुचलं नाही. आंधळ्या श्रद्धेचा तपशील ते सहसा लक्षात ठेवत नाहीत.

आणायला आम्ही दोघं गेलो. दोस्तानं वरचं फडकं काढलं आणि बाबा "अरे" एवढंच म्हणाले.

काम सुंदर झालं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मेंढपाळ आता समोर बघत होता. लांब, पाणीदार, टोकाशी किंचित वर गेलेले, पेणच्या कुठल्याही गणपतीला शोभतील असे डोळे. गालांवर गुलाबी झाक, आणि जाता जाता झग्याला सोनेरी किनार. कोकराचेही डोळे झाले होते. अगदी उंदराचे.

"हा खाली बघत होता रे," बाबा म्हणाले. "कोकराकडे."

"खाली बघणारा देव कोण नेतो? देवानं भक्ताकडे बघायला पायजे."

"परत खाली कर."

"ते नाय व्हायचं. एकदा उघडलेले डोळे मी मिटत नाय. माझ्या बापानं मिटले नायत." त्यानं ब्रश धुवायला घेतला. आमच्या बाबांना तत्त्वानं गप्प बसवणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

बाळाला घेऊन रोह्याला जायचा दिवस ठरलेला होता. गाडीत चित्र बाबांच्या मांडीवर. वाकणचा फाटा येईपर्यंत ते चित्रावरच्या कागदाच्या घड्या नीट करत होते. "म्हातारीचं तेवढंच उरलं होतं," शेवटी म्हणाले. मी म्हटलं, "कलेच्या लोकशाहीकरणावर बोला ना काही." ताईनं मला चिमटा काढला.

विहीणबाईंनी आधी बाळाला घेतलं, मग ताईच्या हातात दिलं आणि कागद सोडला. चौकट त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली. बाबांनी गाडीत काहीतरी जुळवलं असणार, कारण ते घसा खाकरून उभे राहिले. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "चुकलं माझं. मी त्याला सांगायला हवं होतं."

"कोकराकडे बघायचं सोडलं यानं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज ऐकून माझी थट्टा जिरली.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि परत बघितलं. "आणि ही किनार?"

"फुकट मारलीय," बाबा म्हणाले.

त्यांना हसू आवरेना. "आई असती तर तुम्हाला घरात घेतलं नसतं हो, व्याहीबुवा." हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग चौकट उचलून पाळण्याच्या वरच्या भिंतीशी गेल्या, थांबल्या, वळल्या, आणि समोरच्या भिंतीला ती टेकवून धरली.

"इथं लावा."

"पाळण्यावर लावायचं होतं ना?" ताईनं विचारलं.

"वर लावलं तर हा आता नुसता भिंतीकडे बघत बसेल. समोर बघायची हौस आहे ना, मग समोरून बाळाकडे बघू दे."

भावोजी शिफ्टला गेले होते. विहीणबाईंनी हातोडी आणली आणि सरळ बाबांच्या हातात दिली. बाबांनी हातोडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आयुष्यात देवासाठी एकही खिळा ठोकलेला माणूस नव्हता तो.

"फोटो काढू?" मी विचारलं.

"खबरदार."

स्टुलावर चढून मारलेला पहिला खिळा वाकला. "पत्रकाला खळ पुरते, व्याहीबुवा, इथं जोर लागतो," खालून आवाज आला. दुसरा बसला. चित्र टांगून बाबा स्टुलावरून उतरले, पाळण्याशी गेले, गुडघे टेकून बाळाच्या डोक्याशी डोकं नेलं आणि तिथून वर बघितलं.

"दिसतोय का नीट?" ताईनं विचारलं.

"डावा कोपरा खाली आहे," बाबा म्हणाले, आणि परत स्टुलावर चढले.