तलावावरची मंदावहिनी

मंदावहिनी पाखरांची ओळख साड्यांवरून सांगायची. जांभळी पाणकोंबडी दिसली की म्हणायची, "ताई, हे पाह्य, रेशमी अंग अन् लाल काठ." नीलपंख उडाला की तिचा हात आपोआप स्वतःच्या पदराकडे जायचा. "बसला होता तं साधा वाटत होता. पदर उलगडला तवा समजलं." ती पवनीच्या विणकराची मुलगी. बापाच्या मागाशेजारी वाढलेली. पाखरांची पुस्तकातली नावं तिनं पुढे शिकली, पण वापरली फारशी नाहीत.

माझा दादा जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला. कॅमेऱ्याचा नाद मुळात त्याचा. लग्न झालं तेव्हा दर रविवारी तो वहिनीला स्कूटरवर बसवून कोक्याच्या जंगलात न्यायचा. मी वरठीहून बसनं येऊन त्यांना गाठायची. वहिनी वैतागायची. "झाडं पाहाले इतक्या दूर कायले यायचं जी? क्वार्टरसमोर कडुलिंब नाही काय?" पण डबा मात्र झकास करायची. तिच्या लाखोरीच्या डाळीच्या वड्यांसाठी मी कुठल्याही जंगलात गेले असते.

अशाच एका रविवारी तलावाकाठी दादा खंड्यामागे धावत होता. तो जवळ गेला की खंड्या उडायचा. शेवटी चिडून त्यानं कॅमेरा वहिनीच्या मांडीवर ठेवला आणि वडे खायला बसला. वहिनी जागची हललीच नाही. बऱ्याच वेळानं खंड्या समोरच्या खुंटावर आला, त्यानं मासा धरला, आणि कॅमेऱ्याचा खटका वाजला. दादानं फोटो पाहिला आणि हातातला वडा तसाच राहिला.

"कसा काय काढलास?"

"ओढलं नाही," ती म्हणाली. "धागा ओढला का तुटते. मागावर बसणाऱ्याले थांबता येते."

त्या दिवसापासून कॅमेरा तिचा झाला. दादानं तो कधी परत मागितला नाही. त्यानं पुढं जुनी व्हॅन घेतली, ती चालवणं आणि थर्मासमधला चहा ओतणं एवढंच काम आनंदानं स्वतःकडे घेतलं. त्यांची मुलगी ऋतू व्हॅनच्या मागच्या सीटवरच लहानाची मोठी झाली.

वहिनीचा जीव खरा जडला तो एकोडीकडच्या एका तलावावरच्या सारसांवर. नर-मादीची ती जोडी मान उंच करून एकत्र साद घालायची, तेव्हा वहिनी बोलणं थांबवायची. एकदा पावसाळ्यात त्यांनी पाण्यातल्या गवतात घरटं केलं. कुठून तरी मोठमोठ्या लेन्स घेतलेली चारदोन माणसं आली आणि पँटी वर दुमडून पाण्यात उतरू लागली. वहिनी बांधावर त्यांच्या आडवी उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"तुमच्या घरी बाळंतीण असन, तं तिच्या खोलीत असे पाहुणे घुसू द्याल काजी?"

त्यातला एक हसला. पण पाय मागे घेतला. मग सगळेच आमच्याजवळ बसले आणि वडे खाऊन गेले.

नंतर तिला खोकला लागला. औषधं झाली, तपासण्या झाल्या, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी दादाला बाजूला बोलावून आजाराचं नाव सांगितलं. उपचारांनी तिचे केस गेले, बोटं थरथरू लागली. ऋतू पुण्याचं कॉलेज सोडून घरी आली. थंडीच्या दिवसांत एका सकाळी वहिनी म्हणाली, "मले एकदाव सारस पाहाचे आहेत."

दादा भडकला. "डॉक्टरनं धूळ नोको म्हटलं, वारा नोको म्हटलं. काहून जीवावर उठून राहिली?"

"घरात तरी काय वाचून राहिली जी मी?"

तो ताडकन उठून बाहेर गेला. ऋतू रडायला लागली. थोड्या वेळानं अंगणातून पाण्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं, तर दादा व्हॅन धूत होता.

आम्ही तिला तलावाच्या पाळीवर, त्याच बांधावर, सतरंजी अंथरून बसवलं. धान कापून झालं होतं. रिकाम्या शेतांत, कोरड्या बांध्यांमध्ये सारस चरत होते, आणि त्यांच्या मधे त्या वर्षीचं पिल्लू, तपकिरी डोक्याचं, लांब पायांवर अजून अवघडलेलं. वहिनीनं कॅमेरा ऋतूकडे दिला. "तू काढ. मी आज नुसती पाह्यते."

ती दादाच्या डावीकडे बसली होती, एक हात त्याच्या गुडघ्यावर. सारसांनी पंख अर्धे उचलले, माना आभाळाकडे केल्या आणि साद घातली. पिल्लानंही मान वर केली, पण त्याच्या गळ्यातून नुसताच शिट्टीसारखा चिरका आवाज निघाला. वहिनी हसली. किती तरी दिवसांनी खोकला न येता हसली.

ऋतूनं फोटो दाखवला. सगळं पुसट आलं होतं.

"हात हालला वाटते," वहिनी म्हणाली.

ऋतूनं कॅमेरा खाली ठेवला.

"हालू दे," म्हणून वहिनीनं तिला जवळ ओढलं.

उन्हाळा सरायच्या आधी ती गेली.

त्यानंतर दादानं रविवार बंद करून टाकले. सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत निजायचा, मग टीव्हीसमोर बसायचा. ऋतू पुण्याला परतली. मी फोन करायची, तो "हाव, जेवलो" एवढंच म्हणायचा. मीही तलावाचं नाव काढत नव्हते.

मग पुन्हा थंडी आली आणि एका सकाळी त्याचाच फोन आला. "वरठीले येतो. चालतेस काय?"

तलावावर पोचलो. त्याच पाळीवर बसलो. कॅमेरा त्यानं आणला नव्हता. पाण्यावर धुकं होतं, शिंगाड्याच्या वेलींवरून कमळपक्षी पळत होते. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पलीकडच्या धुक्यातून दोन उंच माना सावकाश वर आल्या.

दादा एकदम आपल्या डाव्या बाजूला वळला. "हे पाह्य, आले!"

त्या बाजूला नुसतं गवत होतं. मी त्याच्या उजवीकडे बसले होते. त्याचा हात हवेत तसाच राहिला.

मी उठले, वळसा घालून त्याच्या डावीकडे जाऊन बसले.

"हाव दादा," म्हटलं, "दिसले."