तांब्याचा तळ

आमच्या थोरल्या जाऊबाईंना जाऊन दीड महिना झाला. त्यांना मी नुसतं बाई म्हणायची. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पाणी मागितलं. उशीवरून मान उचलून आधी तांब्यात पाहिलं. "तळ दिसून राह्यला... आता पेते," म्हणाल्या आणि हसल्या.

आमचा भाजीचा मळा. पावसाळ्यात विहिरीचं पाणी मातकट व्हायचं. बाजारात न खपलेल्या जून शेवग्याच्या शेंगा बाई वाळवून रांजणावर टांगत. त्यांच्या बिया सोलून, सहाणेवर उगाळून पाण्यात ढवळल्या की गाळ खाली बसे.

मी नवी नवरी होते, कोणाशी बोलायची नाही. एका ओल्या सकाळी चूल पेटेना, म्हणून त्या वाळक्या शेंगा मी चुलीत घातल्या. टाकाऊच वाटल्या मला! आणि त्याच दुपारी आमच्या नणंदेला, गोदाला, पाहायला अनसिंगचे पाहुणे येणार होते. सासूबाई रांजणात डोकावून म्हणाल्या, "असं गढूळ पाणी देऊन पोरगी दाखवाची काय?" मला वाटलं, गोदाचं जमता जमता मोडणार आणि मला माहेरी धाडणार. मी कोपऱ्यात रडत बसले.

बाईंनी राख पाहिली अन् ओळखलं. "काहून रडून राह्यली वं? थांब." त्यांच्या तान्ह्या मुलीचा खुळखुळा होता, वाळक्या भोपळ्यात शेवग्याच्याच बिया भरलेला. तो त्यांनी पाट्यावर आपटून फोडला. बिया उगाळल्या, घागरीत टाकल्या, आधी भराभर ढवळलं, मग हळूहळू. मी सारखी डोकावू लागले, तर म्हणाल्या, "हलवू नको त्याले. तू कशी गप बसतं, तसंच त्याले बसू दे!"

पाहुणे आले तोवर पाणी निवळलं होतं. वरचं तेवढं दुहेरी फडक्यातून गाळून दिलं. आत मुलगी मात्र खुळखुळ्यासाठी भोकाड पसरून बसली. मुलाचे वडील म्हणाले, "पोरगी काहून रडून राह्यली?"

बाई दारातून म्हणाल्या, "तिचा खुळखुळा तुमी पेला न, पाहुणे!"

खुळखुळ्याची हकीकत ऐकून ते इतके हसले की पाणी धोतरावर सांडलं. दुसरा तांब्या मागितला, आणि म्हणाले, "या घरची पोरगी आमाले पायजेच." शेंगा कोणी जाळल्या, ते बाईंनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. "उंदरानं नेल्या," एवढंच...

त्यांनी बांधलेली शेवटची जुडी रांजणावर आहे. काल त्यातल्या बिया मी उगाळल्या. पाणी निवळेपर्यंत हात लावला नाही. मग तांब्यात वाकून पाहिलं आणि तो त्यांच्या रिकाम्या खाटेजवळ नेऊन ठेवला. घरात कोणी नव्हतं, म्हणून मोठ्यानं म्हटलं, "तळ दिसून राह्यला, बाई. प्या."