दोन तुकड्यांची चाकं

पुसदच्या त्या ट्रक-मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. तो बोलायला लागला की विचारायला जागाच उरत नसे. कापूस वाहणाऱ्या माझ्या जुन्या मिलिटरी ट्रकच्या चाकांना दोन तुकड्यांच्या रिंगा होत्या. हवा भरताना अशी रिंग सुटून उडाली की समोरचा माणूस वाचत नसे. म्हणून तो चाक साखळदंडानं कडुनिंबाला बांधायचा, भिंतीआड बसून हवा भरायचा आणि तिथूनच चाकाची समजूत काढायचा, "शांत राह्य बापा, तुले कोणी काही म्हणून नाही राह्यलं."

शेवटी वैतागून तो स्वतःच बाभुळगावला गेला आणि एका भंगार ट्रकची, माझ्या बोल्टांना जुळणारी सहा अखंड चाकं घेऊन आला. ती बसवून झाल्यावर मी जुन्या रिंगा मागितल्या.

"कायले?"

"मुकुटबनचा एक ट्रकवाला विकत घेतो म्हणतो."

"त्याले लेकरंबाळं आहेत का?"

"चार आहेत."

त्यानं घण उचलला आणि माझ्यादेखत सगळ्या रिंगा ठोकून वाकड्या केल्या. मी संतापलो. "मिस्त्री, माल माझा होता."

"मंग न्या ना," घाम पुसत तो म्हणाला, "मी कुठी अडवून राह्यलो?"