नंबरकाका आणि खुर्चीतली बाई

नंबरकाकांचा भुतांवर विश्वास नव्हता, आणि त्याला कारणही धंद्याचंच होतं. उभं आयुष्य चष्म्याच्या दुकानात काढलेला माणूस, लोकांना काय काय दिसतं याच्यावर फारसा भरवसा ठेवत नाही. ज्या गल्लीतल्या निम्म्या लोकांना समोरून येणारी बस कुठली हे ती अंगावर येईपर्यंत कळत नाही, त्याच लोकांना अंधाऱ्या जिन्यात मेलेल्या शेजाऱ्याच्या कपाळावरची आठी मात्र स्वच्छ दिसते, याचं त्यांना भारी नवल वाटायचं. भुतं फक्त चष्मा घरी विसरलेल्यांनाच भेटतात, असं ते म्हणायचे. कुणी भुताचा विषय काढला की त्यांचा प्रश्न ठरलेला, शेवटचा नंबर कधी तपासला होता? त्यावरूनच त्यांना नंबरकाका हे नाव पडलं. खरं नाव उरलं होतं ते फक्त विजेच्या बिलावर.

दुकान नवरा-बायको दोघांचं. काका नंबर काढायचे, काचा घासून बसवायचे, आणि कुठल्या तोंडाला कुठली फ्रेम शोभेल हे काकू ठरवायच्या. काकूंचं भुतांच्या बाबतीत नेमकं उलट होतं. त्यांचा भुतांवर नुसता विश्वास नव्हता, चांगला घरोबा होता. माहेरच्या माळ्यावर एक, पाण्याच्या टाकीपाशी एक आणि दुकानाच्या वरच्या बंद खोलीत एक, अशी भुतं त्यांच्या ओळखीची होती, आणि लांबच्या नातेवाइकांची ठेवावी तशी त्या त्यांची खबरबात ठेवायच्या.

त्यामुळे भूत पाहिलेला माणूस आधी काकूंकडे यायचा. काकू त्याला बसवायच्या, चहा द्यायच्या आणि कपाळाला आठी न घालता सगळं ऐकून घ्यायच्या. पाय होते का, तोंड कुठल्या बाजूला होतं, असे अगदी माहितगाराचे प्रश्न विचारायच्या. चहा संपला की मात्र त्या माणसाला पडद्याआड काकांच्या ताब्यात जावं लागे. दोघांचं असं ठरलेलं नव्हतं, पण दुकान चालायचं ते असंच, आणि भुतांच्या कृपेने बरंच बरं चालायचं.

काका नुसता नंबर काढून थांबत नसत. तपासणीचा तो जडशीळ, काचा बदलता येणारा चष्मा पिशवीत टाकून ते थेट भुताच्या पत्त्यावर जायचे. निवृत्त पोस्टमास्तरांना त्यांच्याच जिन्यात एक मुंडकं नसलेला माणूस उभा दिसायचा. काकांनी त्यांना त्याच पायरीवर उभं केलं, नाकावर चष्मा चढवला, एक काच सरकवली, दुसरी सरकवली. तिसऱ्या काचेला तो माणूस खुंटीवरचा कोट झाला. पोस्टमास्तर हिरमुसले. महिनाभर ते गल्लीत भाव खाऊन होते. रस्त्यात थांबवून लोक त्यांना विचारत होते. आता कोटाबद्दल कोण विचारणार? त्यांनी चष्म्याचे पैसे दिले खरे, पण पुढे कित्येक दिवस काकांशी बोलले नाहीत.

काकू अशा वेळी बधायच्या नाहीत. तुम्हाला कोट दिसला म्हणून त्यांनाही कोटच दिसला असेल कशावरून, असं त्या विचारायच्या. यावर काका डोक्याला हात लावायचे. हे भांडण लग्नाच्या पहिल्या वर्षी सुरू झालं होतं आणि दोघांनीही ते मोठ्या हौसेनं जपलं होतं. एक दिवस तुम्हालाही दिसेल, आणि त्या दिवशी मी अख्ख्या गल्लीला चहा पाजेन, असं काकूंनी चारचौघांत जाहीर करून टाकलं होतं. गल्लीही बापडी चहाची वाट बघत होती.

आणि मग ती बाई आली.

भर दुपारी आली. काकू बँकेत गेल्या होत्या. काका एका फ्रेमची काडी बसवत होते, आणि मान वर करून बघतात तर भिंतीजवळच्या खुर्चीत एक बाई बसलेली. निळा कोट, त्याला मोठाली पांढरी बटणं, मांडीवर पर्स. चेहरा साफ अनोळखी. काका म्हणाले, बसा, आलोच. काडी बसवून झाल्यावर त्यांनी विचारलं की दूरचा पाहिजे की जवळचा. ते गल्ल्याच्या मागून बाहेर आले तर खुर्ची रिकामी. गिऱ्हाईक येतं, बसतं आणि तोंडातून शब्द न काढता निघून जातं, याचा दुकानदाराला जेवढा राग येतो तेवढा काकांना आला. भुताबिताचा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशीही काकू बाहेर असतानाच ती परत आली. तोच कोट, तीच पर्स. तिसऱ्या दिवशी मात्र काका सावध झाले. दुकानाचं दार उघडलं की घंटी वाजते, आणि ती वाजलेली नव्हती. काकांनी नाकावरचा चष्मा काढून हातात घेतला. समोरचा गल्ला, भिंतीवरच्या फ्रेमा, अक्षरांचा तक्ता, सगळं धुक्यात गेलं. बाई मात्र तशीच. कोटाचं बटणन् बटण मोजून घ्यावं इतकी स्पष्ट.

दुसऱ्या कुणाला हे कळलं नसतं, पण चष्मेवाल्याला कळलं. खरी बाई असती तर चष्मा काढल्याबरोबर ती बाकीच्या सामानासारखी पुसट व्हायला हवी होती. म्हणजे ती खुर्चीत नव्हतीच. ती काकांच्या डोळ्यांत होती.

एकदा हे कळलं म्हटल्यावर बाकीचंही कळत गेलं. दोन महिन्यांपासून दाराची चौकट मधेच वाकडी दिसत होती, आणि काकांनी सुताराला नावं ठेवली होती. माणसाच्या तोंडाकडे बघावं तर बरोबर मधे एक डाग यायचा. त्यासाठी त्यांनी दुकानातले दिवे बदलले होते. डोळ्याच्या मागचा पडदा खराब व्हायला लागला की असं होतं, आणि उशीर केला की गेलेली नजर परत येत नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी स्वतः कितीतरी जणांना हाताला धरून मोठ्या डॉक्टरकडे पिटाळलं होतं. आता तक्त्यासमोर उभं राहून एकेक डोळा झाकून बघावं, तर तेही जमेना. तक्ता वरपासून खालपर्यंत तोंडपाठ. डोळ्यांना दिसो न दिसो, तोंड आपलं बिनचूक म्हणून दाखवायचं.

आणि मग आयुष्यात पहिल्यांदा नंबरकाकांना भूत असावंसं वाटलं. अगदी मनापासून वाटलं. कारण ती बाई भूत असती तर काकांचे डोळे धडधाकट ठरले असते. धंदा राहिला असता, संध्याकाळचं वर्तमानपत्र राहिलं असतं, सगळं होतं तसं राहिलं असतं. एका भुताच्या मोबदल्यात हे काही महाग नव्हतं.

म्हणून ते तिला भूत बनवण्याच्या मागे लागले. काकू नसताना त्यांनी तिला रीतसर विचारून पाहिलं, बाई, तुमचं काही राहिलंय का? बाईनं ढुंकून पाहिलं नाही. मग ते जागेच्या म्हाताऱ्या मालकांकडे गेले आणि आडून आडून चौकशी केली, की दुकानाच्या जागेत पूर्वी कुणी बाई वगैरे वारली होती का. मालक म्हणाले की इथं आधी सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तो सायकलवाला अजून ठणठणीत आहे, रोज फिरायला जातो. काकांचा चेहरा इतका पडला की मालकांनी त्यांना पाणी विचारलं.

काकूंना सांगायची तर सोयच नव्हती. त्या गल्लीभर चहा पाजतील हे एक. पण खरी भीती वेगळीच होती. तोंडातून शब्द निघाला की डॉक्टरकडे जावं लागणार, आणि डॉक्टर जे सांगेल ते काका आधीच जाणून होते. तेव्हा ते मूग गिळून बसले. काड्या उलट्या बसत होत्या, स्क्रू हातातून निसटत होते. पण गिऱ्हाइकांकडून एकही तक्रार आली नाही, त्यामुळे आपलं अजून निभतंय अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

अशीच एक दुपार होती. काकू गल्ल्यावर बसून फ्रेमा पुसत होत्या आणि समोर खुर्चीत बाई बसली होती. काकू असताना ती पहिल्यांदाच आली होती. काकांना राहवलं नाही.

"अगं, त्या खुर्चीत तुला कोणी दिसतं का?"

काकूंचा हात थांबला. ज्या प्रश्नाची त्यांनी एवढी वर्षं वाट पाहिली, तो आज आपल्या पायांनी चालत आला होता. नुसतं हो म्हटलं असतं तरी भांडण कायमचं जिंकलं असतं. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं, आणि परत खुर्चीकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"नीट बघ ना. निळा कोट आहे. मोठी मोठी बटणं आहेत."

"अहो, तिथं कोणी नाही."

काका भडकले. पाण्याच्या टाकीपाशी तुला दिसतं, वरच्या बंद खोलीत दिसतं, जिथं कुणाला काही दिसत नाही तिथं तुला दिसतं, आणि इथं डोळ्यासमोर बसलेली बाई दिसत नाही म्हणजे काय, असं ते बरंच काही बोलले. आवाज शेवटी शेवटी रडवेला झाला होता. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"तिथं दिसलं म्हणून दिसलं म्हणते. इथं दिसत नाही, तर खोटं कसं सांगू?" मग त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, "दोन महिने झाले, तुम्ही बसवलेले चष्मे मी मागाहून नीट करून देतेय. तुम्ही होऊन सांगाल म्हणून थांबले होते."

त्या उठल्या, गल्ल्याच्या बाहेर आल्या आणि सरळ त्या खुर्चीत जाऊन बसल्या. निळ्या कोटाची बाई गेली. तिच्या जागी बसलेल्या आपल्या बायकोकडे काका बघत राहिले. साडीच्या कडा दिसत होत्या, कानांतलं काहीतरी चमकत होतं, आणि जिथं तोंड असायला हवं तिथं नुसता राखाडी डाग होता. जी कधी जन्मलीच नाही तिची बटणं मोजता येत होती, आणि हिचं नाक दिसत नव्हतं. काकांना भीती वाटली. पोस्टमास्तरांना जिन्यात वाटली असेल तशी, किंबहुना त्याहून जास्त, कारण ही काच सरकवून जाणारी नव्हती.

"तुझा चेहरा दिसत नाहीये मला," ते म्हणाले.

काकूंनी त्यांचा हात धरला. त्या दिवशी दुकानाचं शटर दुपारीच खाली आलं.

डोळ्यांची डॉक्टर पोरगेलीशी होती, पण बोलायला सरळ होती. डाव्या डोळ्याची मधली नजर गेली ती गेली, उजवा वेळेवर आलाय, राखता येईल, असं तिनं सांगितलं. रिकाम्या जागी मेंदू आपल्या मनानं चित्रं भरतो, अशी बाई खूप जणांना दिसते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हेही सांगितलं. काका आपलं शास्त्र बरोबर निघाल्यानं जरा ताठ बसले. तेवढ्यात डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल असं कळलं, आणि आयुष्यात कुठल्या भुताला न भ्यालेल्या माणसाची बोबडी वळली. काकूंनी मात्र डॉक्टरीणबाईंना गंभीरपणे विचारलं, की ही खोटी हे कळलं, पण खरी भुतं मग कुठल्या डोळ्यानं दिसतात? त्यावर काका दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले.

आता काका काचा बसवत नाहीत. ते तक्त्यापाशी उभे राहून नंबर काढतात, बारीक काम काकू करतात. उजव्या डोळ्यानं काकूंचा चेहरा बऱ्यापैकी दिसतो, आणि तो रोज दिसतोय की नाही हे काका रोज सकाळी बघून घेतात. ती बाई कधीतरी अजून येईल, तिच्याकडे लक्ष देऊ नका, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. काकूंना ते पटलं नाही. जी नाहीच अशी बाई आपल्या दुकानात आपल्या नवऱ्यासमोर ऐसपैस बसणार, हे त्यांना खपेना. त्यांनी आपलं पुसायचं फडकं, स्क्रूची डबी, सगळं सामान उचललं आणि भिंतीजवळच्या खुर्चीतच बैठक मारली. दुपारभर त्या तिथून हलत नाहीत.

बाई अजून कधीमधी येते. पण हल्ली तिला दाराशी उभं राहावं लागतं, असं काका सांगतात.