बारावी पिशवी

जमिनीखालचं पाणी शोधायचं आमचं खातं. तिथल्या फाइली वाळवीनं खाल्ल्या, नकाशे उंदरांनी नेले, किस्से मात्र कुणीच नेईना! आम्ही चार जुने भेटलो की चहा येईस्तोवर दोन निघतातच, आणि त्यातला एक तरी कांबळेसाहेबांचा असतो.

कांबळेसाहेब आमचे सीनियर भूवैज्ञानिक. मी त्यांच्या हाताखाली नवखा. तिसरे इस्माइलभाई, नांदेडचे, बोअरच्या गाडीवर ड्रिलर. लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास दुष्काळ लई होता, आणि आम्ही तिघं गावोगाव हिंडून राहिलो होतो.

*

साहेबांना दगड चाटायची सवय होती. हसू नका, आमच्या धंद्यात बरेच जण चाटतात! दगड ओला झाला की त्यातले दाणे उठून दिसतात. आणि दुष्काळात दगड धुवायला पाणी मागायचं कोणत्या तोंडानं?

अर्धापूरच्या बाजूला एका सरपंचांनी हा प्रकार पाहिला. मग हळूच म्हणाले, “साहेब, गोड लागून राहिलंय का खारं?”

साहेब भिंगातून डोळा न काढता म्हणाले, “जुनं लागून राहिलंय!”

सरपंचांनी तिथूनच घरी निरोप धाडला, “पाव्हण्याला आधी जेवायला वाढा!”

*

एकदा नायगावात हॉटेलात चहा पीत बसलो होतो. लातूरकडं सगळा काळा दगड, म्हणजे थिजलेला लाव्हा. पण नायगाव-देगलूरकडं गुलाबी ग्रॅनाइट उघडा पडलाय, आणि तो त्या काळ्याहून लई म्हणजे लईच जुना. साहेबांचं म्हणणं असं की, त्या काळी इथं एका खंडाचा काठ होता आणि समुद्राचा तळ त्या काठाखाली सरकत गेला.

“समंदर? नायगाव में?” इस्माइलभाईंनी कप खाली ठेवला.

“हाव. ओला तळ खोल गेला. तिथल्या उष्णतेनं त्यातलं पाणी सुटून वर निघालं. त्या पाण्यामुळं वरचा तापलेला खडक वितळला, वर आला आणि थिजला. तोच हा ग्रॅनाइट. हे काळे दाणे दिसतात ना? त्यांच्यात अजून थोडं पाणी अडकून बसलंय.”

इस्माइलभाईंनी तो दगड कानाजवळ नेऊन हलवून बघितला. “या अल्ला! पाणी इसके अंदर बैठा है, आणि आपण गावागावाला कोरडे बोअर देऊन राहिलो!”

साहेब हसले. पण नंतर गाडीत बसल्यावर देगलूर येईपर्यंत तो दगड हातात फिरवत राहिले.

*

साहेबांना एकाच गोष्टीचा ध्यास होता. देगलूरपासून पश्चिमेकडं एका रेषेत बारा ठिकाणचा ग्रॅनाइट जमवायचा. दगडातल्या क्षारांचं प्रमाण त्या रेषेवर क्रमानं बदलत गेलं, तर समुद्राचा तळ कोणत्या बाजूनं खाली गेला ते सांगता येणार होतं. हे काम पगाराचं नव्हतं, बढतीचंही नव्हतं. बाप दुसऱ्याच्या शेतात दगड वेचायचा, मी त्याच दगडांचा इतिहास लिहीन, असं ते एकदाच बोलले होते.

साहेबांच्या पत्नीनं, आमच्या वहिनींनी, जुनी लुगडी फाडून नमुन्यांसाठी बारा पिशव्या शिवून दिल्या, वर लाल दोऱ्यानं आकडे घातले. “लुगड्यांचं वाटोळं केलंत,” त्या म्हणायच्या, “आता तो समुद्र दाखवाच मला!”

अकरा पिशव्या भरल्या. बारावी जागा पडली काळ्या दगडाखाली. बोअरशिवाय तिथं हात पोचत नव्हता. आणि सरकारी बोअर असतो पाण्यासाठी, साहेबांच्या समुद्रासाठी थोडाच!

*

पुढं साहेबांनी अकरा नमुन्यांवर लेख लिहिला. एका मोठ्या प्राध्यापकांकडं तो घेऊन गेले, मीही सोबत होतो. त्यांनी नीट वाचला. म्हणाले, “काम चांगलंय. पण सगळा दावा शेवटच्या नमुन्यावर उभा आहे आणि तोच नाही. बारावा असता तर मानलं असतं.”

“बारावा मी पाहिलाय, सर.”

“मग आणा की!”

“आणता येत नाही,” साहेब म्हणाले.

मला राहवेना. मी तोंड उघडलं, तर साहेबांनी टेबलाखाली माझा पाय असा दाबला की बुटावर वळ उठला! लेख काही छापून आला नाही. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

*

मग आमची तिघांची बदली लातूरच्या नव्या ऑफिसला झाली. जिल्हा एवढा नवा की खुर्च्या यायच्या होत्या, शिक्का मात्र आला होता! सामानाची यादी करायला शिरूर अनंतपाळकडचे एक क्लार्क होते, लई काटेकोर माणूस.

“साहेब, पिशव्या बारा, दगड अकरा पिशव्यांत. बारावी रिकामी हाय, तळाला नुसती गुलाबी भुकटी. खोडून टाकू?”

“खोडू नका.”

“मग लिहू काय?”

“लिहा, नमुना जागेवर आहे.”

त्यांनी तसंच लिहिलं, आणि खाली नवाकोरा शिक्का मारला!

*

आता शेवटचा. हा बदलीच्या आणि त्या लेखाच्याही आधीचा, ऐन दुष्काळातला.

मुखेडच्या बाजूला एका गावात बोअर चालू होता. गावातली एकुलती विहीर आटलेली. सकाळपासून काळी भुकटी उडत होती, मग तांबडी माती आली. दुपारी रॉडचा आवाज बदलला आणि गुलाबी चुरी वर यायला लागली. काळ्या दगडाखालचा ग्रॅनाइट! आणि जागा नेमकी साहेबांच्या रेषेवर!

साहेबांनी हरभऱ्याएवढा खडा उचलला, जिभेवर ठेवला, भिंगाखाली धरला आणि हसले. असे हसले की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. इस्माइलभाईंना त्यांनी मिठीच मारली.

गाव बघतच होतं. साहेबांनी खडा चाटला अन् हसले, म्हणजे खडा ओला निघाला! बायका घागरी घेऊन धावत आल्या. कुणीतरी देवापुढचा नारळ आणून फोडला, त्याचं पाणी तांब्यात धरलं.

इस्माइलभाईंनी आणखी दोन रॉड उतरवून बघितले आणि मशीन बंद केली. “कोरडा है,” ते मान खाली घालून म्हणाले.

साहेबांच्या हातात बारावी पिशवी होती, निम्मी भरलेली. सखूबाई नावाची एक बाई रिकामी घागर काखेत घेऊन पुढं आली.

“साहेब, तुमी हासलाव तवा आमाला वाटलं, पाणी लागलं.”

“चुकलं माझं, बाई. मी दुसरंच शोधत होतो.”

“मग घावलं का ते?”

साहेबांनी मान हलवली. घावलं.

“बरं झालं. एकाचं तरी काम झालं.” तिनं तो नारळाच्या पाण्याचा तांब्या घेतला आणि साहेबांसमोर धरला. “चाटू नका, साहेब. धुऊन घ्या तुमचे दगड. गावात आज एवढंच पाणी हाय.”